दुर्बिणीने पित्ताशय काढायचं ठरलं की

सोनोग्राफीच्या कागदावर ‘पित्ताशयात खडे’ असं आलं की आमच्या लालबागेत दोन गोष्टी ठरलेल्या. एक, कोणीतरी कुळथाचं कढण आणि पानफुटीची पानं सुचवतं. दोन, दुसरं कोणीतरी म्हणतं, ‘‘काही नाही गं, हल्ली दुर्बिणीने करतात. चार भोकं पाडतात, दुसऱ्या दिवशी घरी.’’ पहिला सल्ला मुतखड्याचा. तिथे तो कितपत चालतो हा वेगळा वाद, पण पित्ताशयातल्या खड्यांपर्यंत ते कढण पोचतच नाही. दुसरा सल्ला बराचसा खरा आहे, फक्त त्यातलं ‘काही नाही’ तेवढं सोडून द्या.

मी पालिकेच्या रुग्णालयात सिस्टर होते. आधी सर्जिकल वॉर्ड, मग ऑपरेशन थिएटर. निवृत्तीनंतरही चाळीतली माणसं फाइल काखेत मारून दारात येतात, तेव्हा जे सांगते तेच इथे लिहिते आहे. दुर्बिणीच्या ऑपरेशनात बाहेरची जखम लहान असते. आतलं काम पूर्वीइतकंच मोठं असतं. हे एकदा डोक्यात बसलं की तयारीत कुठे ढिलाई करायची नाही ते आपोआप कळतं.

ऑपरेशन हवंच का?

हा प्रश्न पहिला विचारायचा. दुसऱ्याच कशासाठी सोनोग्राफी केली आणि त्यात खडे सापडले, कधी दुखलं-खुपलं नाही, असे पुष्कळ लोक असतात. त्यातल्या बहुतेकांना हे खडे पुढेही त्रास देत नाहीत आणि सर्जन सहसा ‘थांबू या’ म्हणतो. खडा फार मोठा असेल, सोबत मोठा पॉलिप (आतल्या अस्तरावर वाढलेला कोंब) असेल, पित्ताशयाची भिंत कॅल्शियम साचून कडक झाली असेल, तर गोष्ट वेगळी. नुसते खडे आहेत म्हणून कोणी उद्याची तारीख देऊ लागलं, तर दुसऱ्या सर्जनला दाखवायला अजिबात लाजू नका.

दुखणं असेल तर मात्र टाळाटाळ नको. ठरावीक लक्षण असं: तेलकट जेवणानंतर, बरेचदा रात्री, पोटाच्या वरच्या भागात किंवा उजव्या बरगडीखाली जोराची कळ येते, ती पाठीत, उजव्या खांद्याच्या पात्याखाली जाते, अर्धा तास ते काही तास टिकते आणि ओसरते. आपल्याकडे याला ‘गॅस’ म्हणून ओवा खाऊन वर्षं काढतात. पन्नाशीच्या पुढच्या माणसाला अशी कळ आली तर आधी ईसीजी काढून घ्या. हृदयाचं दुखणंही याच जागी बोलतं. कळ थांबत नाही, सोबत थंडी वाजून ताप आहे, डोळे पिवळे दिसतात किंवा उलट्या थांबत नाहीत, तर ओपीडीची वाट न बघता थेट कॅज्युअल्टी गाठा. खडा घसरून पित्तनलिकेत अडकला की कावीळ होते, स्वादुपिंडाला सूज येते, आणि ते दुखणं जिवावर बेतू शकतं.

‘नुसते खडे काढा, पिशवी ठेवा’ असं पुष्कळजण म्हणतात. तसं करत नाहीत. पिशवी ठेवली तर खडे पुन्हा होतात. पित्त यकृतात बनतं, पित्ताशय ते फक्त साठवतं. पिशवी गेली तरी पित्त बनतच राहतं आणि सरळ आतड्यात उतरतं.

आत काय करतात

रुग्णाला पूर्ण भूल देतात. बेंबीजवळ साधारण १० मिलिमीटरचा छेद घेऊन पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, म्हणजे पोटाची भिंत मांडवासारखी वर उचलली जाते आणि आत काम करायला जागा होते. हाच वायू का? तो पेट घेत नाही, आणि आत शस्त्रक्रियेसाठी विजेवर चालणारी हत्यारं वापरायची असतात. शिवाय तो रक्तात चटकन विरघळतो आणि श्वासावाटे निघून जातो. दाब साधारण १२ ते १५ मिलिमीटर पाऱ्याइतका ठेवतात. बेंबीतून कॅमेरा, वरच्या पोटात एक आणि उजव्या बाजूला दोन छेद, त्यातून लांब दांड्यांची हत्यारं. सर्जन पडद्याकडे बघून काम करतो. पित्ताशयाची नळी आणि तिची रक्तवाहिनी या दोन्ही स्वच्छ दिसेपर्यंत चांगला सर्जन काहीही कापत नाही. मग दोन्हींना बारीक क्लिपा लावून कापायचं, यकृतापासून पिशवी सोडवायची आणि छेदातून बाहेर काढायची. सोपी केस तासाभरात आटपते, चिकटलेलं पित्ताशय असेल तर दोन-तीन तासही लागतात. बाहेर बसलेल्या घरच्यांनी घड्याळ बघून घाबरायचं नाही.

क्लिपा बहुधा टायटॅनियमच्या असतात आणि कायम आत राहतात. पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली तर तिथे तसं सांगा. साधारणपणे अडचण येत नाही, पण सांगायचं.

हे ऑपरेशन जगात पहिल्यांदा १९८५ साली जर्मनीत एरिक म्यूहे यांनी केलं. भारतात ते १९९० साली झालं आणि झालं आपल्या भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात, डॉ. तेहेमतन उदवाडिया यांच्या हातून. पोटात दुर्बीण घालून निदान करायचं काम ते तिथे १९७२ पासून करत होते. ही गोष्ट मी मुद्दाम सांगते, कारण ‘हे नवीन फॅड आहे’ म्हणणारे आजोबा अजून भेटतात, आणि ‘असलं फक्त पंचतारांकित रुग्णालयात होतं’ म्हणणारे त्यांचे मुलगेही.

फायदे, वॉर्डातून दिसलेले

उघड्या ऑपरेशनात उजव्या बरगडीखाली वीतभर छेद असायचा. रुग्ण खोकायला घाबरायचा, खोल श्वास घ्यायला घाबरायचा. मग छातीत कफ साचायचा, ताप यायचा, आणि पित्ताशयासाठी आलेला माणूस न्यूमोनियाच्या औषधांवर जायचा. मधुमेही, जाड बायकांच्या जखमा पू धरायच्या. सगळं नीट पार पडलं तरी वर्ष-दोन वर्षांनी त्या जागी हर्निया होऊन काहीजण परत यायचे. दुर्बिणीने हे सगळं बरंच कमी झालं. वेदना कमी, म्हणून श्वास मोकळा, म्हणून छाती साफ. माणूस त्याच संध्याकाळी चालतो, म्हणून पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका कमी. जखम लहान, म्हणून ती पिकण्याची आणि हर्नियाची भीतीही कमी. आतडी एकमेकांना चिकटण्याचं प्रमाण घटतं. पोटावर व्रण दिसत नाही हा फायदा लोक पहिला सांगतात. माझ्या यादीत तो सगळ्यात शेवटी येतो.

आता दुसरी बाजू. मुख्य पित्तनलिकेला इजा होणं हा या ऑपरेशनातला सर्वांत वाईट धोका. प्रमाण साधारण हजारात तीन ते पाच असं सांगितलं जातं आणि उघड्या ऑपरेशनात ते याहून कमी असे. म्हणून सर्जनचा हात सरावलेला हवा. आणि आत सगळं चिकटलेलं आहे, रक्तस्राव थांबत नाही, नळी ओळखू येत नाही, अशा वेळी दुर्बीण बाजूला ठेवून पोट उघडणं हाच शहाणपणा असतो. संमतिपत्रावर ‘गरज पडल्यास उघडी शस्त्रक्रिया’ अशी ओळ असते. ती वाचून घरचे डॉक्टरशी भांडताना मी पाहिलेत, ‘‘पैसे दुर्बिणीचे घेतले आणि फाडलं!’’ अहो, त्याने त्या क्षणी तुमच्या माणसाची नळी वाचवली. असा निर्णय न लाजता घेणाऱ्या सर्जनकडेच मी माझ्या बहिणीला पाठवीन.

प्रत्येक पोटाच्या ऑपरेशनाला दुर्बीण हवीच असंही नाही. अपेंडिक्सला ती चांगली. जांघेतल्या हर्नियाला दोन्ही वाटा चांगल्या; फुप्फुसं किंवा हृदय कमकुवत असलेल्या म्हाताऱ्या माणसाला पूर्ण भूल देण्यापेक्षा फक्त जागा बधिर करून किंवा पाठीत इंजेक्शन देऊन केलेलं साधं उघडं ऑपरेशन बरेचदा सोयीचं. आणि रोबोट? अवघड, खोल जागेच्या कामात त्याचा उपयोग असेल, पण साध्या पित्ताशयासाठी जास्तीचे पैसे मोजून रुग्णाला वेगळं काही मिळतं असं मला वाटत नाही.

डॉक्टरांना आणि रुग्णालयाला काय विचारायचं

कागदावर लिहून न्या, आत गेल्यावर सुचत नाही. तुम्ही स्वतः करणार की दुसरं कोणी? पित्तनलिकेत खडा नाही याची खात्री झाली आहे का? यकृताच्या रक्ततपासणीत गडबड असेल किंवा सोनोग्राफीत नलिका फुगलेली दिसत असेल तर एमआरसीपी (पित्तनलिकेचा खास एमआरआय) करतात, आणि खडा सापडला तर तो तोंडावाटे दुर्बीण घालून काढण्याची सोय हवी. ती तिथे आहे का?

एक प्रश्न कोणी विचारत नाही, तो मी विचारायला लावते: हत्यारं कशी निर्जंतुक करता? दुर्बिणीची हत्यारं पोकळ आणि सांध्यासांध्यांची असतात, आधी ती सुटी करून घासावी लागतात. रासायनिक द्रावणात वीस मिनिटं बुडवून काढली की ती पूर्ण निर्जंतुक होत नाहीत. ग्लुटराल्डिहाइड या जुन्या द्रावणाला तर त्यासाठी आठ-दहा तास लागतात. ऑटोक्लेव्ह (दाबाखालची वाफ), गॅस किंवा प्लाझ्मा असं उत्तर आलं की समाधान माना. प्रश्नावर कोणी चिडलं तर तेही उत्तरच.

पैशाचं म्हणाल तर केईएम, सायन, नायर, जे. जे. या सरकारी-पालिकेच्या ठिकाणी हे ऑपरेशन रोजचं आहे. तिथे अडचण हाताची नसते, तारखेची असते. सकाळी लवकर केस पेपरच्या रांगेत उभं राहायचं, फाइल एकच ठेवायची, प्रत्येक तपासणीचा कागद तारखेप्रमाणे लावायचा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आपली केस बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) भरती होण्याआधी विचारा. रेशनकार्ड आणि आधार सोबत हवं. खासगीत जाणार असाल तर विमा कंपनीची आगाऊ मंजुरी घ्या आणि पॉलिसीत खोलीच्या भाड्याला मर्यादा आहे का ते बघा. बऱ्याच पॉलिसींत त्या मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली की सर्जनच्या फीपासून बाकीचे खर्चही त्याच प्रमाणात कापले जातात. एसीच्या मोहात लोक इथे पोळतात.

भरती होण्याआधी

चालू गोळ्यांची पाकिटंच घेऊन जा, नुसती नावं सांगू नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल वगैरे, कधी थांबवायच्या हे सर्जन आणि हृदयाचे डॉक्टर मिळून ठरवतील. मनाने बंद करू नका, विशेषतः स्टेंट बसवलेला असेल तर. मधुमेहाच्या डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या साधारण तीन दिवस आधी थांबवायला सांगतात. ही गोष्ट घाईत राहून जाते, म्हणून तुम्हीच आठवण करा. रक्तदाबाच्या बऱ्याच गोळ्या त्या सकाळीही घोटभर पाण्याबरोबर घ्यायच्या असतात, पण सगळ्याच नाही. कोणती घ्यायची ते भूलतज्ज्ञांना विचारा.

विडी-सिगारेट शक्य तितकी आधी सोडा. चार आठवडे मिळाले तर उत्तम. मशेरी लावणाऱ्या बायका ‘मी ओढत नाही’ असं सांगून मोकळ्या होतात. मशेरी तंबाखूच आहे, डॉक्टरांना सांगा.

उपाशी राहण्याचा नियम: जेवण निदान सहा तास आधी, तळलेलं-जड असेल तर आठ तास. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, तुमच्या भूलतज्ज्ञांनी वेगळं सांगितलं नसेल तर. दुधाचा चहा पाण्यात मोडत नाही. ‘फक्त अर्धा कप घेतला’ म्हणून पुढे ढकललेली ऑपरेशनं मी मोजायची सोडून दिली होती. भुलेत पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं तर जीव जाऊ शकतो, इतकं साधं आहे ते.

आदल्या रात्री आणि सकाळी साबणाने आंघोळ. बेंबी नीट साफ करा, थोडं तेल लावून मळ मऊ करून; पहिला छेद तिथेच आहे. पोटावरचे केस घरी वस्तऱ्याने काढू नका, बारीक जखमा होतात. नेलपॉलिश पुसा, बोटावर ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावतात. बोटांना गडद मेंदी असेल तर सिस्टरला दाखवा, यंत्र दुसरीकडे लावता येतं. चमकी, जोडवी, बांगड्या, मंगळसूत्र घरीच काढून ठेवा. सासूबाईंना राग येत असेल तर दोरा मनगटाला बांधू द्या, थिएटरात कोणाची हरकत नसते. कवळी काढून डबीत, डबीवर नाव.

ऑपरेशननंतरचे पहिले दोन दिवस

शुद्धीवर आल्यावर उजवा खांदा दुखतो आणि सगळे घाबरतात. ऑपरेशन पोटाचं, खांदा का? उरलेला वायू पडद्यासारख्या श्वासपटलाखाली साचतो, आणि त्या पटलाची व खांद्याची संवेदना मानेतल्या एकाच भागातून येते. दोन-तीन दिवसांत जातं. चालल्याने बरं वाटतं, शेकल्याने थोडं बरं वाटतं.

चालणं हेच मुख्य औषध. सहा-आठ तासांत सिस्टर उठवायला आली की ‘उद्या बघू’ म्हणू नका. आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, हाताने रेटा देऊन बसा, मिनिटभर थांबा, मग उभे राहा. सरळ उताणं उठायला गेलात तर टाके खेचतात. खोकला आला तर पोटावर उशी दाबून धरा. तीन गोळ्यांचं फुंकणी-यंत्र दिलं असेल तर ते फुंकायचं नसतं, ओढायचं असतं. श्वास आत घेऊन गोळ्या वर टिकवायच्या.

पाणी घोट घोट, मळमळ नसेल तर पेज, मग मऊ भात. वारा सरला का, असं डॉक्टर राउंडला विचारतात तेव्हा तोंडावर पदर घेऊन हसू नका, नीट सांगा. आतडी जागी झाल्याची ती खूण असते. भेटायला येणाऱ्यांना थोपवा. आमच्याकडे माणूस दुर्बिणीने बरा होतो आणि पाहुण्यांनी दमतो.

घरी

गाडीत टाक्यांवर छोटी उशी धरा, खड्डे आपल्या हातात नाहीत. जिना चढायला हरकत नाही, सावकाश, मजल्यागणिक थांबत. खाली बसायच्या संडासात पहिले काही दिवस कमोडची खुर्ची ठेवली तर बरं, आणि कुंथायचं नाही. वेदनाशामक गोळ्यांनी मलावरोध होतो, तेव्हा पाणी भरपूर आणि लागलं तर इसबगोल. सकाळी पाणी आलं की हंडा-बादली उचलायची ती घरातल्या दुसऱ्यांनी, निदान चार आठवडे. हे मी नवऱ्याला समोर बसवून सांगते, कारण बाई ऐकून घेते आणि तिसऱ्या दिवशी बादली उचलते.

टेबलावरचं काम आठवडा-दोन आठवड्यांत सुरू करता येतं. पण कामावर पोचायचं कसं ते बघा. ऑफिसात बसणं सोपं, सकाळी नऊची लोकल सोपी नाही; दादरला उतरताना पोटात बसणारं एक कोपर पुरे. काही दिवस उशिरा निघायची किंवा घरून काम करायची परवानगी आधीच काढून ठेवा. सण जवळ असेल तर दर्शनाची रांग यंदा टीव्हीवर. स्कूटर तेव्हाच, जेव्हा न दुखता जोरात ब्रेक दाबता येतो.

जखमेवर हळद, तेल, राख काही नको. पट्टी पाणी न शिरणारी असेल तर आंघोळ चालते, नंतर टिपून कोरडं करा. पावसाळ्यात भिजलेली पट्टी तशीच ठेवू नका. खाण्यात पहिले काही आठवडे तेल-तूप बेताने, थोडं थोडं आणि वरचेवर. काहींना सुरुवातीला पातळ शौचाला होतं, ते हळूहळू बसतं. जन्मभर पथ्य लागत नाही. पुढे वडापाव खाता येईल, रोज नको एवढंच.

ताप, वाढत जाणारी पोटदुखी, फुगत चाललेलं पोट, न थांबणाऱ्या उलट्या, पिवळे डोळे, गडद लघवी, जखमेतून पू किंवा पिवळं-हिरवं पाणी, एका पोटरीला सूज, अचानक दम लागणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी जिथे ऑपरेशन झालं तिथे जा. या ऑपरेशननंतर माणूस दर दिवशी थोडा बरा होत जातो. कालच्यापेक्षा आज जास्त दुखत असेल तर फोनवर गोळी विचारत बसू नका.

आणि महिनाभराने, सगळं भरून आल्यावर, एखाद्या छेदाच्या जागी गाठ येऊन ती झिरपू लागली तर? गल्लीतल्या डॉक्टरकडून अँटिबायोटिकचे कोर्सवर कोर्स घेऊ नका. नीट निर्जंतुक न झालेल्या हत्यारांतून क्षयाच्या जंतूच्या जातकुळीतले काही जंतू येतात, ते असे उशिरा उगवतात आणि नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत. सर्जनकडे जाऊन त्या पाण्याची खास तपासणी करून घ्या. औषधं वेगळी असतात आणि महिनोन् महिने घ्यावी लागतात.

काढलेलं पित्ताशय बायॉप्सीला पाठवतात. खडे बाटलीत भरून घरी आणतात, पाहुण्यांना दाखवतात, आणि रिपोर्ट मात्र तिथेच पडून राहतो. क्वचित पित्ताशयात कर्करोग आधी कोणालाच दिसलेला नसतो, तो या कागदावरच पहिल्यांदा कळतो. पॅथॉलॉजीची पावती डिस्चार्ज कार्डाला टाचून ठेवा, टाके दाखवायला जाल त्याच दिवशी रिपोर्ट घ्या आणि सर्जनला उघडून वाचायला लावा.